भिंगावरची टोपी

मी सूक्ष्मदर्शक. बोलतोय, कारण बघण्याचं आणि दाखवण्याचं जे माझं काम, ते या शाळेत मला कोणी करूच दिलं नाही. मग तोंड तरी का बंद ठेवू?

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीने माझं भिंग कापसाने पुसलं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि त्यावर प्लास्टिकची इवलीशी टोपी बसवली. "शाळेत गेला की मुलं काढतीलच," ती शेजारणीला म्हणाली. बिचारी! तिने माझी ही शाळा पाहिली नव्हती.

मला घेतलं ते मुलांसाठी नव्हे. शाळेची तपासणी होती आणि तपासायला येणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. तपासणारे आले, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि चहाला गेले. त्या दिवसापासून मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात आहे. डाव्या हाताला चषक, उजव्या हाताला पृथ्वीचा गोल, डोक्यावर दिवा. शिपाई रोज मला फडक्याने पुसतो. गोल पुसला जाताना निदान थोडा फिरतो तरी. माझ्या नशिबी तेवढंही नाही. शाळेतली मुलं कपाटाच्या काचेत बघून भांग नीट करतात, एवढाच काय तो माझा शैक्षणिक उपयोग.

प्रवेशाच्या दिवसांत मात्र माझा भाव वाढतो. आईवडील येतात. आत जाण्यापूर्वी मुलाची कॉलर ओढतात, त्याच्या कानात "विचारलं तरच बोल" असं कुजबुजतात आणि स्वतः मात्र तोंड बंद करत नाहीत. मग मुख्याध्यापक त्यांना माझ्यासमोर आणून उभे करतात. "आणि ही आमची विज्ञानदृष्टी!" सगळे "वा" म्हणतात. शाळेची बस घरापर्यंत येते का, गेल्या वर्षीचा निकाल किती, वर्गात पंखे आहेत का, हे सगळं विचारून होतं. यातून काय दिसतं, हे आजवर कुणा मोठ्या माणसाने विचारलं नाही. ज्यांना स्वतःलाच काही बघायचं नसतं, ती माणसं मुलांसाठी शाळा निवडायला निघतात. मला त्यांची कीव यायची. आता तीही येत नाही.

अशातच एकदा, वर्ष अर्धं सरलेलं असताना, एक फौजी कुटुंब आलं. वडील सुभेदार. अंगावर साधे कपडे, पण बूट असे चकचकीत की दिव्याचं प्रतिबिंब दिसावं. बदली झालेली, घरसामानाचा ट्रक अजून वाटेत, आणि शाळा शोधायला हातात एकच सुट्टीचा दिवस. सोबत बायको आणि नववीतली मुलगी. बाप तिला पार्सल म्हणायचा.

"बदलीचा हुकूम आला की पहिलं पार्सल हेच निघतं," तो मुख्याध्यापकांना हसत म्हणाला. मुख्याध्यापक हसले नाहीत.

"मधल्या सुट्टीत यायला हवं होतं," मुलीची आई हळूच म्हणाली. "मुलं गप्प बसलेली असली की शाळा कळत नाही."

"तुला सगळीकडे खोटच दिसते. शिस्त बघ ना जरा!" बाप म्हणाला. "सकाळच्या त्या शाळेत भिंतीचे पोपडे निघालेत. बाईंच्या पदराला खडू लागलेला."

"खडू लागलेला, कारण त्या शिकवत होत्या."

"आणि मला फळ्यावर गणित घातलं," मुलगी मध्येच बोलली. "म्हणाल्या, नववीतच बस. पेशीचा धडा सोमवारपासून घेणार आहेत."

हा पेशीचा धडा तिच्या जिव्हाळ्याचा होता. कुठल्याही शाळेत ती पोचायची तोवर तो होऊन गेलेला असायचा, नाहीतर बापाची पुढची बदली झाल्यावर व्हायचा. झाडं अन्न कशी तयार करतात, हे मात्र तिने तीन शाळांत तीनदा लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "असं आहे सुभेदारसाहेब, अधूनमधून शाळा बदलणाऱ्या मुलांचा पाया कच्चा राहतो. आमचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. तेव्हा आपण हिला आठवीत बसवू. एक वर्ष काय, बघता बघता निघून जातं."

"तिचं वर्ष आहे ते," आई म्हणाली. "ती कुठेही नापास झालेली नाही."

बाप मुलीकडे बघेना. तो माझ्याकडे बघत होता. "मला तरी ही शाळा बरी वाटते. वस्तू बघ कशी ठेवलीय. धुळीचा कण नाही. जाऊ दे एक वर्ष."

त्याचा हिशेब मला कळला. त्याच्या जगात घासूनपुसून ठेवलेली वस्तू म्हणजे रोज वापरातली, हाक मारताच कामाला तयार असलेली वस्तू. या शाळेत पॉलिश करतात ते झाकायला, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार! माझ्या चकचकीत अंगावर भुलून तो पोरीचं एक वर्ष देऊन टाकायला निघाला होता. स्वतःची इतकी घृणा मला कधी वाटली नव्हती.

"मी यातून बघू?" मुलीने विचारलं.

"महाग वस्तू आहे, बाळ."

"बघू द्या ना, सर," बाप म्हणाला. "सांभाळून हाताळते ती."

शिपायाने कपाट उघडलं. मला खिडकीतल्या टेबलावर ठेवलं. मुलगी वाकली, एक डोळा माझ्या नळीला लावला.

"काहीच दिसत नाही. काळोख आहे."

"बघा!" मुख्याध्यापक बापाकडे वळून म्हणाले. "आठवी म्हणतो ती याचसाठी. साधा सूक्ष्मदर्शक हाताळता येत नाही."

मुलीचे कान लाल झाले. पण ती मागे सरली नाही. तिने खाली वाकून माझ्या भिंगाकडे पाहिलं, दोन नखांत काहीतरी धरलं आणि ओढलं. कट्ट असा आवाज झाला. तिच्या तळहातावर कारखान्यातली ती टोपी होती, पिवळी पडलेली.

तिने माझा आरसा खिडकीकडे वळवला. स्वतःचा एक केस उपटून माझ्या भिंगाखालच्या काचपट्टीवर ठेवला, चाक फिरवलं, आणि कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्यात उजेड आला. केस केवढा जाड, केवढा खरबरीत!

"दोरखंड दिसतोय दोरखंड! बाबा, या ना."

सुभेदार वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग ताठ होऊन बायकोला म्हणाला, "मी पॉलिश बघितलं."

"तेच बघता तुम्ही. लग्नाच्या वेळीही माझ्या भावाचे बूट बघून होकार दिलात." ती मुख्याध्यापकांकडे वळली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, याला किती वर्षं एकाच वर्गात बसवलंय?"

मुख्याध्यापक शिपायावर ओरडले. दुसरं ते काय करणार?

तिघं निघाली. दारातच सुभेदाराने फोन लावला. "बाई, सकाळी येऊन गेलो ते आम्ही. नववीतली जागा आहे ना अजून? हो, सोमवारी. धड्याच्या आधी पोचते ती."

"चला पार्सल," तो म्हणाला.

"बाबा, पत्ता चुकला होता," मुलगी म्हणाली, आणि तिघांचं हसू जिन्यावरून खाली उतरत गेलं.

मला पुन्हा कपाटात ठेवलं. भिंगावर परत बसवायला टोपी सापडेना, म्हणून तो विषय संपला. ती मुलीच्या मुठीत गेली होती. आताही पालक येतात, "वा" म्हणतात, पंख्यांची चौकशी करतात. तुम्हीही याल कधीतरी मुलाचा हात धरून. माझी स्तुती करू नका, तिचा मला वीट आलाय. कपाट उघडायला लावा. मुलाला वाकू द्या, मग स्वतः वाका. कोणी अडवलं तर आल्या पावली परत फिरा.

त्या पोरीचा केस अजून माझ्या काचपट्टीवर आहे. शिपाई मला रोज पुसतो, मुख्याध्यापक रोज मला दाखवतात. एवढ्या दिवसांत एकाने जरी डोळा लावला असता, तर तो केस त्याला दिसला असता.