कुमुदमॅडमची झुकलेली नजर

कार्तिकातलं ऊन औरंगपुऱ्याच्या गल्लीत तिरपं उतरतं, सीताफळांच्या टोपल्यांवर क्षणभर टेकतं आणि कुणाला न विचारता पुढं निघून जातं. कुमुदमॅडमची नजर मला तशीच वाटायची. समोरून मी येतेय हे त्यांना दिसलेलं असायचं. पापणी एकदा हलायची, नजर हळूच पायांकडं उतरायची, आणि त्यांची सुती साडी माझ्या खांद्याजवळून सळसळत निघून जायची. फळवाला म्हणायचा, बाई लई मानी. मी मान डोलवायची. त्याला काय सांगणार? ती झुकलेली नजर म्हणजे त्यांनी मला दिलेला शब्द होता.

खाली कापडाचं दुकान, वर त्यांची खोली. पाटीवर नाव ठळक आणि ‘मानसशास्त्रज्ञ’ हा शब्द बारीक. जिना चढणाऱ्याकडं रस्त्यावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून त्यांनी तो मुद्दाम बारीक लिहवून घेतला होता. मला तेव्हा कुलपाचं वेड होतं. वेड म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, पण माझा शब्द तोच. मुकुंदवाडीतल्या घराला कुलूप लावून रिक्षापर्यंत जायचं, परत यायचं. ओढून बघायचं. गॅस आठवायचा, परत यायचं. दहा-दहा वेळा. सासरच्यांनी करमाडच्या कुणा जाणत्याकडून अंगारा आणला, तोही मी कुलपालाच लावला. बाई, किती थकले होते मी तेव्हा! दिवस उगवायचा तोच दमलेला.

पहिल्या दिवशी त्यांनी काही विचारण्याआधीच सांगून टाकलं. म्हणाल्या, “इथलं बोलणं इथंच राहील. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तरच मला बोलावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. बाहेर भेटलात तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारली, तर मात्र थांबेन.”

मग प्रश्नांचे कागद आले. दिवसातून किती वेळा, किती वेळ, नाही बघितलं तर जिवाची किती तगमग. एकेका उत्तराला त्या पेन्सिलीनं आकडा द्यायच्या. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचनालयातलं. मी आपलं विचारलं, पास का नापास? त्या हसल्या नाहीत. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, “ह्या कागदावर तुमचा त्रास मावतो. तुम्ही नाही मावत.”

ही विद्या आली कुठून, असंही मी विचारलं होतं एकदा. त्यांनी सांगितलं, फार पूर्वी मन बिघडलेल्यांना साखळदंडानं बांधायचे. मग कधीतरी दूरदेशी एका प्राध्यापकाकडं शब्द नीट लिहिता न येणारा एक मुलगा आणला गेला. त्यानं त्याला मारलं नाही, कोंडलं नाही, आधी बारकाईनं पाहिलं, आणि तिथून ही वाट फुटली. पाहणं हेच आमचं पहिलं औषध, म्हणायच्या. म्हणूनच का कोण जाणे, खोलीत त्या डोळे भरून पाहायच्या आणि रस्त्यावर तेच डोळे मिटल्यासारखे खाली घ्यायच्या. एकाच दिव्याची वात कुठं मोठी करायची, कुठं बारीक, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदाच कुलूप लावायचं आणि परत न फिरता ओट्यावर बसून राहायचं, हा त्यांचा उपचार. भीती दुधाच्या उतासारखी वर येईल, तुम्ही जाळ वाढवू नका, ती आपोआप बसेल. बसायची खरंच. आठ महिने लागले. घरी सांगितलं होतं की गुडघ्याला शेक घ्यायला जाते. परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडापासून लंगडायची, कधी उजवा पाय, कधी डावा. सासूबाई म्हणायच्या, हिचा आजार फिरता दिसतो.

संध्याकाळी मात्र मॅडमचा चेहरा दिवसभर उपसलेल्या विहिरीसारखा व्हायचा. टेबलावरचा चहा साय धरून गार झालेला. एवढ्या जणांचं ऐकून घेणाऱ्या ह्या बाईचं कोण ऐकत असेल, असं मनात यायचं. विचारलं कधी नाही.

बरी झाले, त्यालाही आता बारा वर्षं झाली. गल्लीत त्या दिसायच्या, नजर झुकायची. भररस्त्यात एकदा हाक मारून सांगावं, तुमच्यामुळं मी माणसात आले, एवढंच मनात होतं. पण शेजारी कुणीतरी ओळखीचं असायचंच. पुढच्या वेळी म्हणू, असं म्हणत मी त्यांना बारा वर्षं जाऊ दिलं.

ह्या चैत्रात धाकटी जाऊ शांता आणि मी कैऱ्या घ्यायला गेलो होतो. दोनेक वर्षं गल्लीत न दिसलेल्या मॅडम समोरून आल्या. भाचीनं कोपर धरलेलं, केस कापलेले, चाल पाण्यातून चालावं तशी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. नजर झुकली नाही. बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच ओळखलं नव्हतं.

“मॅडम,” मी म्हटलं.

भाची थांबली. दोन वर्षं झाली, मावशीला आता कुणी आठवत नाही, असं सांगून तिनं विचारलं, तुम्ही कोण? शांता कैरी हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, “मी ह्यांची पेशंट. मनाच्या आजारासाठी येत होते. ह्यांनी मला बरं केलं.”

“आन् गुडघा वो, अक्का?” शांता.

“गुडघ्याला कधीच काही नव्हतं गं.”

तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं. हात गार होता. माझ्या कानाशी वाकून, खोलीतल्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “हळू बोला. इथं लोक आहेत.”

आणि त्यांची नजर हळूच पायांकडं उतरली.

त्या गेल्यावर उन्हात कितीतरी वेळ उभी होते. शांतानं पिशवी घेतली माझ्या हातातली. काळानं त्यांच्याकडून माझं नाव नेलं, चेहरा नेला, ते आठ महिने नेले. दिलेला शब्द तेवढा त्याला उचलता आला नाही. आता त्या खोलीतलं सारं मी एकटीच सांभाळते, आणि ते तिथं आहे ना, हे पुन्हा पुन्हा परत फिरून बघत राहते.