प, ट, क

"फुंकू नका," शलाका म्हणाली. "तुमचा श्वास आता तोंडापर्यंत येत नाही. ओठ मिटा, 'प' म्हणायला जाताना हवा मागे घशात ढकला आणि तीच वर येऊ द्या."

खंडोजींनी ओठ मिटले. गाठीपायी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं आणि गळ्याखाली केलेल्या छिद्रातून ते श्वास घेत होते. शलाका इस्पितळात बोलणं शिकवायची. ती मूळची पुण्याची, या कानडी शहरात मराठीतून शिकवणारी, म्हणून डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम तिच्याकडे धाडलं होतं. कित्येक दिवस नुसते गालच फुगत होते. आज मोठा ढेकर आला आणि त्यात चक्क 'पा' होता.

खंडोजी ओशाळले. शलाकाला मात्र आनंद झाला. हाच तुमचा आवाज, ती म्हणाली, आता तो ओळखून ठेवा.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर पंप दुरुस्त केलेल्या माणसाला यातलं मर्म कळायला वेळ लागला नाही. कोरडा पंप पाणी ओढत नाही, आधी त्यात थोडं पाणी ओतावं लागतं. पण इथे ते ओतायचं काम अक्षरं करतात, याचं त्यांना फार नवल वाटलं. प, ट, क हवा आत ढकलतात. म आणि न ढकलत नाहीत. ह तर नुसता श्वासच, तो गेला तो गेलाच. इतकी वर्षं बोलत आलो आणि 'ट' म्हणताना जीभ कुठे लागते हे कधी पाहिलंच नाही! मग ते बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचू लागले. कुठला शब्द आपल्याला साधेल आणि कुठला अडेल, ते आधीच ताडून बघत. एकदा हॉटेलात त्यांनी वेटरला 'कापी' म्हटलं आणि खरोखरच कॉफी आली. परक्या माणसाला आपला शब्द कळला, या नवलात ती निवून गेली.

घरी मात्र पंचाईत होती. चारचौघांत ढेकर देणं त्यांच्या पत्नीला, सोयराबाईंना, मुळीच खपत नसे. संयोगिताला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, लहानपणी त्यांनी त्यापायी भरल्या ताटावरून उठवलं होतं. नवरा सराव करू लागला की त्या आत जाऊन भांडी आवरू लागत. खंडोजींना काय ते कळलं. ते वर्कशॉपमध्ये चालू मोटरीच्या आवाजाआड सराव करू लागले आणि घरी पाटीवर लिहू लागले.

संयोगिताने आपल्या ऑफिसातल्या यशोवर्धनशी लग्न ठरवलं. त्याचे आईवडील मल्लेश्वरमहून बोलणी करायला यायचे होते. सोयराबाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की तुम्ही नुसते हात जोडा, बाकी सगळं मी बोलते. खंडोजींनी मान हलवली.

पाहुणे आले. यशोवर्धनच्या वडिलांनी, येसाजीरावांनी, आपलं नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे खंडोजींकडे पाहिलं. सोयराबाई सांगणार, तोच खंडोजींनी हात वर केला. आपण समोर बसलेलो असताना आपलं नाव दुसऱ्याने सांगावं, हे त्यांना सोसेना.

"कंडोजी."

'ख'ला श्वास लागतो, तो कुठून आणणार? आजूबाजूचे कानडी लोक त्यांना असंच म्हणत आणि ते दर वेळी ती चूक सुधारून देत. आता स्वतःच्याच तोंडून तेच ऐकून त्यांना हसू आलं. पण त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

येसाजीरावांच्या पत्नीने नजर बशीकडे वळवली. पंख्याच्या घरघरीत येसाजीरावांना काही कळलं नव्हतं. काय म्हणाले, असं त्यांनी सोयराबाईंना विचारलं.

सोयराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते मान जराशी पुढे काढून, ओठ मिटून पुन्हा हवा आत घेत होते.

"स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. "ते स्वतः सांगतील."

त्या उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. पाती एकेक वेगळी दिसू लागली, मग थांबली. खोलीत उकडायला लागलं.

"कंडोजी. पीण्यात पंप टीक करतो."

येसाजीरावांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न खंडोजींनाच विचारला. सोयराबाई बटणावर हात ठेवून तशाच उभ्या होत्या.