मिनाचा ढावलो आन बिनपंख्याचा डबा

आमच्या दिपकच्या पहिल्या कॉम्प्युटरचा पंखा आसा गरजायचा, की त्याच्यामागं हळद पसरली तर सांजच्याला खडखडीत वाळायची. खोटं वाटत आसंल तर शेजारच्या चतुराबाईला इचारा. तिची एक कोंबडी त्या वाऱ्यानं उडाली ती थेट कळमनुरीच्या बाजारात पडली, आन कंडक्टर वळखीचा म्हणून एस्टीनं परत आली.

दिपक माझा धाकटा, शिकलेला. त्यानं ते डबडं टीव्हीला जोडलं व्हतं, समदा तांडा त्याच्यावर सिनेमे पाहायचा. मला सिनेमे नको व्हते. मला माझ्या मिनाचा आवाज पाहिजे व्हता.

मिना माझी थोरली. लग्न झालं आन वर्ष फिरायच्या आत सासरी काविळीनं गेली. मागं ऱ्हायली लग्नाची कॅसेट. तिला बुरशी लागाया लागली तसं दिपकनं वसमतहून तिची सीडी करून आणली. पण त्या शुटिंगवाल्याचं डोकं! समद्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवलेली. नवरदेव घास गिळून राहिला, आन आवाज बाईचा. फकस्त एका जागी गाणं संपलं आन दुसरं लावायचं ऱ्हाऊन गेलं. तिथंच मिनाचा ढावलो हाय.

आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाती. कुणी शिकवत न्हाई, मनात आसंल ते तिथंच जुळवून सांगती. तो ढावलो. आन आमच्या तांड्याची रीत आशी, की आईनं, म्हंजी आमच्या बोलीत याडीनं, पाठीवर हात ठेवून "बस, बाई" म्हणल्याबिगर पोरीनं थांबायचं न्हाई. पण मिनाच्या वक्ताला जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारून राहिला. बायांनी तिला माझ्या गळ्यातून सोडवली आन जीपमधी कोंबली. माझं "बस" तोंडातच ऱ्हायलं. पोरगी गातच गेली. आन म्या तवा आशी हंबरत व्हते, की तिनं मला काय सांगितलं त्यातलं एक अक्षर कानात गेलं न्हाई.

तेच मला ऐकायचं व्हतं, मरायच्या आधी. कॅमेरा लांब, आवाज बारीक, त्यात दिपकच्या डबड्याची घरघर. जशी जात्यापल्याड कुणी कुजबुजतंय. दिपक म्हणला, "याडी, कानाला हेडफोन लाव." लावले. पण आमच्या बायांच्या कानाशी चांदीच्या घुगऱ्या लोंबतात. आत मिना गाती आन भाईर घुगऱ्या खुळखुळ. "काढ की घुगऱ्या," म्हणला. म्या म्हणलं, "तुझा बा जित्ता हाय तवर न्हाई निघत."

मग आमी दोघं हिंगोलीला गेलो, कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदार हरिचंद, मानूस हसरा. त्यानं एक कपाटाएवढा डबा दाखवला, "मावशी, याच्यात तीन पंखे हायत. गरमच न्हाई व्हत."

"लेका, मला आवाज ऐकायचाय. उफणणी न्हाई करायची."

दिपकनं समजावलं, "टीव्हीला जोडून व्हिडिओ पाहायचाय फकस्त. लहान पाहिजे, गप पाहिजे."

हरिचंदनं दुसरा काढला, तो कुजबुजला. तिसरा काढला, त्याच्या आत चकती फिरून टिकटिक करू लागली. म्या त्याला शटर वढाया लावलं, छताचा पंखा बंद कराया लावला आन म्हणलं, "आता तुझा श्वास बंद कर."

"मावशी, मी मरंन की!"

"थोडा येळच मर."

शेवटी त्यानं कपाटातून एक काळा डबा काढला, पोळ्यांच्या डब्याएवढा. "याच्यात पंखा न्हाई, फिरती चकती बी न्हाई. मोठे सिनेमे अडकतील, तुमची जुनी शुटिंग बराबर चालंल. पंखा न्हाई म्हणून आंग तापतं याचं, भिऊ नका." म्या कान लावला. गाभण शेळीच्या पोटाला लावतो तसा. आत काहीच न्हाई. म्हणलं, "हाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारं लावली, कुत्रं भाईर काढलं आन दिपकनं सीडीवरून डब्यात उतरवून घेतलेला ढावलो लावला.

ऐकू आलं. एकेक अक्षर. "याडी, रडू नको गं, तुला उचकी लागती, आता पाठीत धपका कोण मारंल... याडी, चुलीमागच्या मडक्यात गूळ लपवलाय, दिपकला दाखवू नको..."

दिपकच्या मिशीवर पाणी आलं. "मडकं कुठंय, याडी?"

"गप. ऐक."

जीप वळणावर गेली, धुरळा उडाला, शुटिंग संपली. टीव्ही काळा झाला. गाणं न्हाई संपलं.

"याडी, अंगणातला लिंब काहून तोडला गं..."

दिपकनं माझ्याकडं पाह्यलं, म्या त्याच्याकडं. लिंब तर ती गेल्यावर तोडला. दिपकनं टीव्हीची वायर उपटली, मग डब्याची उपटली. डबा गात ऱ्हायला. "याडी, पत्र्याच्या घरात दुपारची झोप कशी लागती गं... याडी, तुझे गुडघे दुखतात, पाणी कोण आणतं गं..."

दिपक वसरीत जाऊन बसला. म्या न्हाई उठले. डबा मांडीवर घेऊन ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी बी. तिसऱ्या दिवशी बी. सैपाक पडला, शेळ्या वरडून राहिल्या. मला काय तकलीफ? पोरगी घरी आलती.

शेवटी दिपकनं मला आन डब्याला उचलून पुन्हा हरिचंदच्या दुकानात नेलं. "याचा आवाज येतोय."

"याच्यात आवाज करायला हायच काय, दिपकभाऊ?" आसं म्हणत हरिचंदनं हसत कान लावला. हसू तसंच चिकटून ऱ्हायलं त्याच्या तोंडावर, पण डोळे न्हाई हसले. हळूच म्हणला, "मावशी, कोण हाय ही बाई? पाणी द्या तिला. घसा बसलाय तिचा."

म्या पुन्हा कान लावला. खरंच व्हतं. घोगरी झालती माझी पोर. गाण्याची एक वळ म्हणायची, मधी खोकायची, पुन्हा वळ धरायची. जीपमधी कोंबल्यापासून ती गातच व्हती, आन म्या आवाज ऐकायच्या खुशीत तिचा घसा ऐकला न्हाई. ती कशापायी थांबली न्हाई, ते तांड्यातल्या कोण्याबी बाईला कळलं आसतं. मलाच कळायला दुकानदार लागला.

पण "बस" म्हणलं की ती जाणार. पुन्हा कंदीच न्हाई.

एस्टीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणली, "काकू, गोड गाता तुमी." आमच्या वळणावर उतरलो, जिथं जीप दिसंनाशी झालती तिथंच. दिपक पुढं गेला. म्या पदराआड डबा छातीशी धरला आन पाठीवर हात ठेवला. डब्याला पाठ आसती का? आसती. तापलेली आसती, रडलेल्या लेकराची आसती तशी.

म्हणलं, "बस, बाई."

अर्ध्या शब्दावर थांबली. एक उचकी आली. मग काहीच न्हाई, ऊन आन रस्ता.

आता ती शुटिंग लावली की जीपच्या काचेत मिनाचं तोंड मिटलेलं दिसतं. दिपक म्हणतो, पहिल्यापासून तसंच व्हतं. म्हणू दे.

तो डबा हितंच हाय, देव्हाऱ्याच्या खाली. कवाची वायर काढून ठेवलीय, घरात दुसरा आणलाय. या, हात ठेवून पाहा. भिऊ नका.

काहून? हात काहून वढून घेतला?