गोडाऊन कुणाला म्हणता?

अहो, खाली काय बघताय, मान जरा वर करा. कालव्याच्या कडेची ती पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. तिथून मी बोलतोय. फ्लॅट आहे मी, बारामतीतला जुना फ्लॅट. लिफ्ट नाही, पोहायचा तलाव नाही, दारात सलाम ठोकणारा वॉचमन नाही. पण भिंती बघा माझ्या! खिळा ठोकायचा तर ठोकणाऱ्याला घाम फुटतो. उगाच बढाई मारत नाही, आहे ते सांगतो.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा बारामतीत फ्लॅट म्हणजे नवलच होतं. वडगाव निंबाळकरचे आबा मला बघायला आले आणि म्हणाले, "खाली एकाचं घर, वर दुसऱ्याचं. मग आपली जमीन कुठली?" ऊसवाला माणूस. पायाखाली माती नसलेली मिळकत त्यांच्या पचनी पडेना. पण पोरांना बारामतीच्या शाळेत घालायचं होतं. शेवटी घेतलं मला, तेही बायकोच्या, प्रयागबाईंच्या नावावर. "शेत माझ्या नावावर हाय, हे तुझ्या ऱ्हाऊ दे," म्हणाले.

प्रयागबाई पोरांना घेऊन राहायला आल्या. गावाकडं आबा आणि म्हशी, इथं बाई आणि पोरं. आमच्या इमारतीत घरोघरी असंच शाळेपुरतं बिऱ्हाड होतं. शनिवारी शाळा सुटली की अख्खा जिना एसटी स्टँडकडं पळायचा आणि सोमवारी दुधाचे कॅन घेऊन परत चढायचा. काय ती गजबज! थोरल्या इंद्रजितनं क्रिकेटपायी माझ्या काचा फोडल्या आणि त्याबद्दलचा मारही माझ्याच स्वयंपाकघरात खाल्ला.

मग पोरं शिकली. शिकलेली पोरं कुठं थांबतात? इंद्रजित पुण्याला गेला, बाकीची आणखी लांब. आबा वारले. प्रयागबाई वडगावला परत गेल्या आणि मी रिकामा झालो.

पण प्रयागबाईंचं एक ठाम मत होतं. घर रिकामं ठेवू नये, माणूस नसेल तर धान्य तरी असावं. त्यांनी गव्हाचं एक पोतं आणून ठेवलं. ते बघून दिरांनी ज्वारी आणली. तिसऱ्या मजल्यावर ओल नाही, उंदीर नाही, भावकीला माझा शोधच लागला म्हणा ना! मग लग्नातली पातेली आली, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आली, बिघडलेला फवारणीचा पंप आला. पुढं हॉलमध्ये कांदा पसरला. कांद्यानं तर माझ्या नाकी नऊ आणले. घराला माणूस लागतो हो. पोत्यांशी काय गप्पा मारणार?

अशात प्रयागबाईंनी मला विकायला काढलं, आणि एके दिवशी मेघना आली. मेघना सोनवणे, कळंबची. बारामतीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सोबत तिची आई अक्काबाई. एवढी वर्षं या मायलेकी भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. कधी मालकाच्या पोराचं लग्न ठरलं म्हणून खोली सोडा, कधी भाडं वाढवायचं म्हणून सोडा, आणि कधी आडनावाची चौकशी पुरी झाली की कारण न सांगताच सोडा. मेघनानं मनाशी पक्कं केलं होतं, आता घ्यायचं ते स्वतःच्या नावाचं घर. जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही असं. नव्या टॉवरांतले फ्लॅट ती बघून आली होती. तिच्या पगारात बसत होती ती तिथली काड्यापेटीएवढी खोली.

पोत्यांमधून वाट काढत ती गॅलरीपर्यंत गेली. कडी जाम झाली होती. खांदा लावून तिनं दार उघडलं आणि कालव्यावरचा गार वारा आत आला. तिनं माझ्या भिंतीवर हात ठेवला.

"आई, हेच."

अक्काबाई गुडघे चोळत दारातच बसल्या होत्या. "आगं, वर येस्तवर माझा जीव गेला. आन् हितं माणसानं ऱ्हायाचं का कांद्यानं?"

"कांदा जाईल गं. अशी भिंत परत मिळायची न्हाय."

खरं सांगतो, त्या क्षणी मी तिचा झालो.

प्रयागबाईंनाही पोरगी आवडली. बोलणी झाली, विसार दिला-घेतला. पण खाली उतरताना जिन्यात सोसायटीचे चेअरमन झुंबरतात्या आडवे आले.

"सोनवणे म्हंजी कुठलं सोनवणे?"

"कळंबचे."

"तसं न्हाय. म्हंजी आपल्यातलं का..."

"बौद्ध हाय आमी, तात्या," मेघना तिथंच थांबून म्हणाली. "अजून काय इचारायचंय?"

तात्या चपापले. "आमचं काय न्हाय बाई. लोकं बोलत्यात."

हे 'लोक' मी चाळीस वर्षं शोधतोय. अजून एकदाही जिन्यात भेटलेले नाहीत.

तात्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. एक बिल्डर आमच्या इमारतीतले फ्लॅट एकेक करून घेत होता. सगळं हाताशी आलं की आम्हाला पाडायचं आणि वर चकचकीत टॉवर उभा करायचा, असा त्याचा बेत. तात्यांना टॉवरची स्वप्नं पडत होती. इंद्रजितचाही आईच्या मागं लकडा सुरू झाला.

"आई, बिल्डर जास्त देतोय. त्या बाईंचं कर्ज मंजूर होईल की नाही, कुणास ठाऊक."

"इसार घेतलाय मी," प्रयागबाई म्हणाल्या. "दिवाळीपतुर तिचं कर्ज झालं तर घर तिचं. न्हाय झालं तर तुझ्या बिल्डरचं. मग माझं काय म्हणनं न्हाय."

म्हणजे बघा, मेघनाचं घर आणि माझा जीव एकाच दोरीला टांगलेले. जुन्या घराला कर्ज द्यायचं म्हटलं की बँका फार खळखळ करतात. आधी बँकेचा माणूस येऊन घर बघून जाणार होता. त्या दिवशी मेघनाला दवाखान्यातून सुटी मिळेना. दार उघडायला ती प्रयागबाईंना सांगून गेली.

आणि इथं घोळ झाला. प्रयागबाईंच्या मनात खोट नव्हती हो, उलट फार जीव होता. "साहेब बघाय येणार म्हंजी घर भरलेलं दिसाय पायजे," त्यांनी दिरांना सांगितलं. "मोकळ्या घराला कोण पैका दील?" झालं! वडगावहून टेम्पो भरून आला. गहू, बाजरी, हरभरा, सगळं वर चढलं. छताला पोती टेकली. पुढच्या पोत्यांना हळदीकुंकू लावून प्रयागबाई शेजारी उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर नुसतं समाधान.

साहेब अंग चोरत आत आला. शिंकला. पोत्यांचे फोटो काढले. स्वयंपाकघरात जायला वाटच नव्हती, तर दारातूनच परतला. चार दिवसांनी मेघनाला बँकेनं कळवलं, सदर जागा गोडाऊन म्हणून वापरात आहे, राहण्यास योग्य नाही, कर्ज देता येत नाही.

गोडाऊन! मला! अरे, माझ्या ओट्यावर तीन पोरांच्या शाळेचे डबे भरले. आजारपणं काढली, बारशी केली. गोडाऊन कुणाला म्हणता? आवाज असता तर बँकेपर्यंत ऐकू गेला असता माझा.

संध्याकाळी मेघना आली आणि त्या थप्पीपुढं मटकन खाली बसली. रडली. चांगली हमसून रडली. अक्काबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "जाऊ दे बाळा. न्हाय आपल्या नशिबात. भाड्यानं ऱ्हाऊ."

मेघनानं ओढणीनं तोंड पुसलं. "नशिबाचं काय काढतीस आई? पोती हायत ती. उचलली की झालं."

दुसऱ्या दिवशी ती बँकेत जाऊन बसली. तिथले मोठे साहेब जेवायला गेले तरी बसली, जेवून आले तरी बसली. शेवटी ते म्हणाले, माणूस आणखी एकदा पाठवतो, पण ही शेवटची खेप. दिवाळी तोंडावर आली होती. तिथून मेघना थेट वडगावला गेली आणि प्रयागबाईंना घेऊन आली.

पण पोती काढायची म्हटल्यावर प्रयागबाई बिथरल्या. "भरल्या घरातनं धान्य बाहीर काढायचं? सणाच्या तोंडावर? लक्ष्मी हाय ती! मी असलं पाप करायची न्हाय."

मी म्हटलं, संपलं. म्हातारी एकदा अडून बसली की बैलजोडी लावली तरी हलायची नाही.

मेघना प्रयागबाईंपुढं उकिडवी बसली. "आजी, लक्ष्मीला बाहीर कोण काढतंय? पोत्यात कोंडलीय ती, तिला चुलीवर चढवू. तुमच्या गव्हाची खीर करू हितं, ह्याच वट्यावर. बँकेच्या साहेबाला घर दिसू दे. धान्य तर त्यानं बघितलंच."

प्रयागबाईंनी एकदा ओट्याकडं बघितलं, एकदा पोत्यांकडं. मग पदर खोचून म्हणाल्या, "खपली हाय का बघ त्या कोपऱ्यातल्या पोत्यात. साध्या गव्हाच्या खिरीला चव न्हाय."

मग काय विचारता! मेघनाच्या दवाखान्यातली पोरं-पोरी सुटी काढून आली. पोती उतरली, नळ्या उतरल्या, पंप गेला, कांदा गेला. माझी फरशी कितीतरी वर्षांनी उघडी पडली. पाण्याच्या बादल्या ओतल्या तसा माझा खरा रंग वर आला. मलाच माझी ओळख पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खीर चढली. प्रयागबाई आणि अक्काबाई एका पातेल्यापुढं उभ्या, आणि दोघींची गुळावरून जुंपली.

"आवो, एवढ्या गुळानं काय हुतंय? खीर हाय का आळणी आमटी?" अक्काबाई.

"गूळ खायाचा का गहू? गव्हाची चव लागाय नगं?" प्रयागबाई.

दोघींनी आपापल्या मापानं गूळ घातला, त्यामुळं खीर चांगलीच गोड झाली. अक्काबाईंनी पहिली वाटी भरून प्रयागबाईंपुढं धरली. प्रयागबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. पिढ्यान् पिढ्यांची सवय ती, अशी एका सकाळीत जाते होय? मी बघितलं. अक्काबाईंनीही बघितलं, आणि वाटी मागं घेतली नाही. तशीच धरून उभ्या राहिल्या.

प्रयागबाई फरशीवर मांडी घालून बसल्या. वाटी घेतली. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "गूळ जास्तीच झालाय. वाढा अजून."

बेल वाजली. तोच साहेब. मेघनानं दार उघडलं. तो दारातच घोटाळला. "मागच्या वेळी आलो, ते हेच घर का?"

"हेच. त्या दिवशी तुम्ही पोत्यांचे फोटो काढले, साहेब. घराचा राहिला होता."

"तुम्ही राहता इथं?"

"अजून नाही. राहायचंय, म्हणून तर कर्ज मागतेय."

तो फिरला. नळ सोडून बघितला, भिंत वाजवून बघितली, गॅलरीत उभा राहिला. जाताना खिरीची वाटी काही त्याला चुकली नाही. वास जिन्यातून खाली गेला तसे झुंबरतात्याही वर आले. "काय शिजतंय गं?" असं म्हणत दारात उभे. मेघनानं त्यांनाही वाटी दिली. खाऊन तात्या बदलले वगैरे समजू नका, टॉवरचं त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पण त्या दिवसानंतर 'लोकं बोलत्यात' हे काही त्यांनी परत काढलं नाही.

दिवाळीच्या आधी कर्ज मंजूर झालं. त्याच दिवशी इंद्रजितचा फोन आला, बिल्डरनं आणखी वाढवून दिलंय म्हणून. प्रयागबाई माझ्या गॅलरीत उभ्या होत्या, शब्द न् शब्द ऐकलाय मी.

"तुझ्या बिल्डरला सांग, ह्या घरात मी पाव्हणी म्हणून जेवलीय. जिथं पाव्हणी झाले, ते घर माझं कसं? सही करणार हाय मी, तू आलास तर ये."

तो आला. सही झाली. आईला न्यायला माझ्या दारात आला तेव्हा खिडकीच्या काचेवरून हात फिरवून गेला.

आता मी भरलेला आहे, माणसांनी. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, अक्काबाईंची खुर्ची गॅलरीत आहे. त्यांचे गुडघे दुखतात, त्या जिन्याला शिव्या घालतात, आणि कुणी नव्या टॉवरचं नाव काढलं की माझी बाजू घेऊन भांडतात. बिल्डर अजून येतो, मेघना त्याला चहाही विचारत नाही. ती जाणार नाही, म्हणजे मीही जाणार नाही.

तुम्ही घर बघायला निघाला असाल, तर एवढंच मागतो. आम्हा जुन्यांच्या पोटात शिरून बघा. रंग उडालाय, लिफ्ट नाही, एवढ्यावर परत फिरू नका. आतली भिंत वाजवा, खिडकी उघडा, आणि मग काय ते ठरवा.

परवा दुपारी प्रयागबाई बारामतीला डोळे दाखवायला आल्या होत्या. जिना चढून वर आल्या. दार सताड उघडं होतं. या दारातून ही बाई चाळीस वर्षं कशीही आली-गेली, हातात पिशव्या, कमरेवर पोर, डोक्यावर गाठोडं. त्या दिवशी मात्र त्या चौकटीबाहेरच थांबल्या आणि कडी वाजवली.

मेघना आतून आली. "आजी? बाहीर का उभ्या?"

"येऊ का गं आत?"

 आजवरच्या मेघनाच्या सगळ्या खोल्यांत मालकीणबाई न विचारता शिरायच्या, भांडी उघडून काय शिजलंय ते बघायच्या. तिला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"तुमी काय इचारताय आजी?"

"इचारायचं आसतंय," प्रयागबाई चौकटीबाहेरूनच म्हणाल्या. "घर तुझं हाय."

मेघनाचे डोळे भरून आले. पण ती लगेच बाजूला झाली नाही. माझ्या दारात, मधोमध, ताठ उभी राहिली, एक दमभर. मग हसली आणि म्हणाली,

"या."