आम्ही बोटीने जाणार

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीच्या करंगळीवरचं नेलपॉलिश अर्धं उडालं होतं—आणि ती करंगळी कीबोर्डवर अधांतरी थांबली होती, म्हणजे त्याचा अख्खा प्रवासच तिथे अडला होता.

"काका, बेटावरून पुढचं तिकीट?"

"नाही. आम्ही बोटीने जाणार."

"मग बोटीचं तिकीट दाखवा."

"बोट आमची आहे," तो म्हणाला... आवाज जरा चढलाच, मागची रांग नीट ऐकू शकेल इतपत. "स्वतःच्या बोटीत कोणी तिकीट काढतं का?"

ती हसली, नियम हसला नाही. एकेरी तिकिटावर येणारा माणूस त्या बेटावरून जाणार कसा, याचा पुरावा हवा, नाहीतर विमानात चढवायचं नाही. "सगळे बोटवाले करतात तेच करा ना, काका. परतीचं काढा, पोचलात की रद्द करा."

सगळे बोटवाले!... त्यांच्यात आपल्याला धरलं याचा त्याला आनंदच झाला, पण आनंदाखाली काहीतरी टोचलं. कारण आजवर दर खेपेला त्याने परतीचं काढलंच होतं, आणि रद्द एकदाही केलं नव्हतं—बेटावरच्या गोदीत टेकूंवर उभी केलेली ती शिडाची बोट, शिडीने वर चढायचं, रंगाचा एक हात द्यायचा, सुकाणू धरून कोरड्या जमिनीवर तासभर बसायचं, मग वारा ठीक नाही म्हणून विमानाने घरी... बिचारा वारा, दरवर्षी त्याच्यावरच आळ. यंदा मात्र त्याने एकेरी तिकीट काढलं होतं, आणि काढल्यावर आरशासमोरून उगाचच दोनदा गेला होता. आता परतीचं घ्यायचं, म्हणजे बोटीच्या तोंडावर सांगायचं की—नाही. मुळीच नाही.

त्याने बोटीची कागदपत्रं मांडली, मालकाचं नाव वर येईल अशी. मुलीने साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं वाचलं, मग बोटीचा फोटो बराच वेळ पाहिला.

"कागद ठीक आहेत. पण ही पाण्यात जाते ना?"

तो घसा साफ करू लागला. एवढा वेळ घसा साफ करणारा कप्तान साहेबांना पसंत पडला नसावा. ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळले. बायकोकडे!—जी चार माणसांत त्या बोटीला 'आमचं माळ्यावरचं सामान' म्हणायची. तो छताकडे बघत राहिला.

"काकू, तुम्हीही बोटीनेच?"

"मग काय पोहत जाऊ?" ती म्हणाली. "हे नेतील की."

हे नेतील... संसारात इतकं बोलून झालं, पण हे दोन शब्द तिने शेजारीशेजारी कधी ठेवले नव्हते, निदान त्याच्या बाबतीत तरी. बोर्डिंग पास हातात पडले.

"चला कप्तान," ती पुढे निघत म्हणाली, "बॅग तेवढी उचला."

त्याने बॅग उचलली. गुळगुळीत फरशी पायाखाली किंचित डुलली—निदान त्याला तसं वाटलं. भीतीच होती ती, दुसरं काय... पण इतकी ऐटदार भीती त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ती सांडू नये म्हणून तो अगदी जपून, ताठ मानेने, तिच्या मागून चालत राहिला.