मोकळ्या दिसणाऱ्या जागा

मी एक पट्टी आहे, करड्या रंगाची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची लाट दिसते ना, तिच्यावर माऊस दाबून ओढला की मी उमटते. माझ्या दोन कडांमध्ये जे सापडेल त्याचं काय करायचं, ते माणूस ठरवतो. वाढव, कमी कर, पुसून टाक. मला विचारायची कुणाची पद्धत नाही.

२००४ साली पुण्याहून आलेल्या एका सीडीतून मी आळेफाट्याला उतरले. भरत पिंपळवंडीचा, स्टँडसमोर त्याचं कॅसेटचं दुकान. पहिल्या महिन्यात तो मला ओढायचंच विसरायचा. काहीच निवडलं नाही तर हुकूम सगळ्या आवाजाला लागू होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. एका लग्नाची मंगलाष्टकं त्याने पार पुसून टाकली होती. फाइल उघडी होती म्हणून एक पाऊल मागे घेता आलं आणि बिचाऱ्याची अब्रू वाचली.

पुढे त्याचा हात बसला. इतका बसला की पठ्ठ्या ऐकेनासाच झाला. लाट उंच तिथे आवाज, सपाट तिथे काही नाही, असा त्याचा सरळ हिशेब. माणसं आवाजसुद्धा डोळ्यांनी निवडतात, याचं मला तेव्हा हसू यायचं.

मग एका दुपारी जवळच्या आणे गावचा सोमनाथ आला. चाकणला कंपनीत कामाला होता. त्याचा बाप भिमा मेंढरांमागे हिंडला आणि ओव्या गात गात म्हातारा झाला. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. सोळा वर्षांपूर्वी पाहुण्यांपैकी कुणीतरी मेंढरांच्या वाड्यावर भरून घेतलेली त्याची एकच कॅसेट घरात होती.

"भाऊ, वर्षश्राद्धाला माईकवर लावायचीय," सोमनाथ म्हणाला. "पर दोन ओव्यांच्या मधी नुसती खरखर हाये. आई बाकी रोज टेपला कान लावून बसती. तेवढी खरखर काढ, बापाचा आवाज चकचकीत व्हऊ दे."

"काढतो की," भरत म्हणाला.

भिमाची लाट डोंगरासारखी उभी होती. ओवी संपली की मध्ये सपाट रेघ. भरतने मला त्या रेघेवर ओढलं आणि पुसलं. पुढच्या रेघेवर ओढलं, पुसलं. अशा एकोणीस जागा.

त्या मोकळ्या नव्हत्या. बाप दम घ्यायला थांबला की लांबून एका मुलीचा आवाज येत होता. ती कोकरांना नावानं हाका मारून आत घेत होती. "काळे, बांडे, चल गं आत." बारीकच आवाज, पण नीट कान दिला तर शब्द कळत होते. माझ्या कडांमधून ती एकोणीस वेळा गेली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

आण्याच्या घरी टेपरेकॉर्डरच होता. म्हणून दुकानाच्या रिवाजाप्रमाणे भरतने साफ केलेला आवाज त्याच कॅसेटवर परत भरून दिला आणि डिस्कवर जागा हवी म्हणून फाइल काढून टाकली.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सोमनाथची आई, तुकाबाई, एकटीच दुकानात आली. कॅसेट पदराच्या गाठीत बांधलेली.

"माजी निर्मला कुटं गेली रं?" तिने विचारलं.

भरतला काही कळेना. मग म्हातारीने सांगितलं. निर्मला पंधराव्या वर्षी तापाने गेली. तिचा फोटो नव्हता. घरात तिचं जे काही होतं, ते ह्या कॅसेटवर, बापाच्या ओव्यांच्या मध्ये.

भरतने घाईघाईने कॅसेट परत कॉम्प्युटरवर घेतली. मला सपाट रेघांवर ओढलं आणि आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. नुसती सूं सूं आली. तुकाबाई स्पीकरला कान लावून बसून राहिली.

"तुला ऐकू न्हाई आली व्हय ती?"

"मावशी, मी ऐकलंच नाही," भरत मान खाली घालून म्हणाला. "नुसतं बघितलं."

तुकाबाई कॅसेट परत गाठीत बांधून उठली. दारात थांबून म्हणाली, "सोमाला यातलं काय बोलू नकू. त्यो लई ल्हान व्हता तवा. त्याला म्हाईत न्हाई ती त्यात व्हती. त्यानं बापासाटी हौसेनं केलं."

आता दुकानात मोबाइलची रिचार्ज कार्डं विकतात. आमचा कॉम्प्युटर पिंपळवंडीत भरतच्या घरी माळ्यावर पडलाय. मला ओढायला कुणी येत नाही, आणि खरं सांगते, त्याचं मला वाईट वाटत नाही. कुणी ओढणारच असेल तर एवढंच मागणं, आधी कान द्या.

आणखी एक आहे, भरतच्या घरातल्या बोलण्यातून माळ्यावर ऐकू आलेलं. सोमनाथ दरसाल श्राद्धाला तीच कॅसेट लावतो. आवाज किती साफ झाला म्हणून लोक त्याला शाबासकी देतात, आणि तुकाबाई शेजारी बसून मान डोलावते. तुम्ही कधी आण्याकडे गेलात आणि तो भेटला, तर मी सांगितलेलं त्याला सांगू नका.