दोन बहिणींचा एक वॉकर

मित्रांनो, माझ्या दांड्यांवर कितीतरी वर्षं टॉवेल वाळत असत, त्यामुळे मला कपड्यांचा स्टँड समजणारे पाहुणे पुष्कळ भेटले. मी त्यांना दोष देत नाही. पण खरं सांगायचं तर मी वॉकर आहे. जुना, जरासा खरचटलेला, तरी चारही पाय शाबूत असलेला.

एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवलं. पायांना रबरी बूट आणि हातांना काळ्या मुठी चढवल्या. प्रत्येक पायाला भोकांची रांग आणि त्यातून डोकावणारं एक बटण दिलं, म्हणजे माणसाच्या उंचीप्रमाणे मला उंच-ठेंगणा होता यावं. तपासणीच्या कामगाराने माझ्यावर सगळा भार टाकला, दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "हा टिकेल." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

बारा वर्षांपूर्वी मी या घरात आलो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. घरात दोन बहिणी. थोरलीला सगळी इमारत ताई म्हणते. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाज असा, की चुकीचा नंबर लागलेला माणूससुद्धा दोन वाक्यं जास्त बोलायचा. धाकटीला ताई 'बारके' म्हणते. आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही बारकेच. बारकी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून कागदाचे गठ्ठे कापते आणि अंगाला खळीचा वास घेऊन घरी येते. दोघींनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर ताई म्हणायची, "आम्हाला एकमेकींशी भांडायलाच वेळ पुरत नाही."

मला आणलं ते ताईसाठी. तिचा उजवा गुडघा बदलला होता. तिच्या मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कडेनं चीर देऊन डॉक्टर सांध्यापर्यंत पोचले होते आणि मग ती चीर त्यांनी शिवली होती. गुडघा नीट बसला होता. पण मांडीत ताकद येईना. पाय उचलायचा म्हटला की ताईच्या कपाळावर घाम यायचा. माझ्या मुठी ती इतक्या घट्ट धरायची की तिची बोटं पांढरी पडायची. बारकीला ते बघवायचं नाही.

"राहू दे ताई, मी आणते," ती म्हणायची.

पाणी ती आणायची, चष्मा ती आणायची, वर्तमानपत्र तीच आणायची. सुरुवातीला ताई 'अगं, मला जमेल' म्हणत असे. हळूहळू तिनं ते म्हणणं सोडून दिलं. आम्ही आधी सगळं घर फिरायचो, मग फक्त न्हाणीघरापर्यंत जाऊ लागलो. पुढे बारकी तिला खांद्याला धरूनच तिथवर न्यायला लागली आणि मी भिंतीला टेकून टॉवेल सांभाळू लागलो. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्ता बघायची. गेली दोन वर्षं तर ती एकही पायरी उतरली नव्हती.

मित्रांनो, कुणी मारलं, आपटलं म्हणजेच वस्तू खराब होते असं नाही. नुसतं ठेवून दिलं तरी होते. माझी बटणं गंजून घट्ट झाली.

मग बारकीचा डावा गुडघा दुखायला लागला. तिनं तो महिनोन् महिने लपवला. कामावरून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवरच बसायची, दम खाल्ल्यासारखं करून गुडघा चोळायची आणि मग हसऱ्या चेहऱ्यानं दार उघडायची. समोरच्या वहिनींनी तिला एकदा तिथं पाहिलं आणि थेट येऊन ताईच्या कानावर घातलं. तेव्हा कुठे बारकी डॉक्टरांकडे गेली. गुडघ्यातली गादी पार झिजली होती. तो बदलावा लागणार होता.

"मी नाही करून घेणार," तिनं परत येऊन जाहीर केलं.

"का नाही?" ताईनं विचारलं.

"तुझे हाल बघितलेत मी. आणि मी आडवी झाले तर तुझं कोण करणार?"

दुसऱ्या दिवशी बारकीला सुट्टी होती. ताईनं तिचा मोबाईल मागून घेतला. एरवी ती मोबाईलला हातसुद्धा लावत नाही. भिंतीला तार नसलेला फोन तिला फोनच वाटत नाही, पण घरातला तसा फोन बाहेरच्या बोळात होता आणि तिथवर चालायचं कोण? तिनं दवाखान्याचा नंबर लावला आणि आपला जुना आवाज काढला.

"नमस्कार. डॉक्टरबाईंशी बोलायचंय. मी पेशंटची थोरली बहीण."

डॉक्टरबाई फोनवर आल्या. ताईनं स्पीकर लावून घेतला. बारकी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली.

"मला एकच सांगा," ताई म्हणाली, "तिची मांडी कापणार का माझ्यासारखी?"

"नाही. त्यांचा स्नायू आम्ही कापणार नाही, बाजूला सरकवून त्याच्या खालून आत जाऊ. त्यानं पायातला जोर लवकर परत येतो. पण ताई, सगळ्यांना असं करता येत नाही. पाय फार वाकडा असला, सांधा फार आखडलेला असला, तर आजही जुन्याच वाटेनं जावं लागतं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जमेल, तपासून बघितलंय."

"आणि सांधा कसा? एकच माप सगळ्यांना?"

"छे. त्यांच्या पायाचा स्कॅन काढलाय, संगणकावर त्यांचं हाड जसंच्या तसं उभं केलंय. कुठला आकार, कुठल्या कोनात, सगळं आधीच ठरवणार. त्यांचे पाय जन्मापासून जरा बाहेर वाकलेले आहेत ना?"

"आम्ही तिला कंस म्हणायचो," ताई म्हणाली. दारातून बारकी ओरडली, "ताई!"

डॉक्टरबाई हसल्या. "तो थोडासा कंस आम्ही तसाच ठेवणार. ओढूनताणून सरळ केला तर पाय त्यांना आपला वाटणार नाही." मग त्या म्हणाल्या, "दुखणार मात्र. पहिले काही आठवडे चांगलंच दुखेल. व्यायाम चुकवून चालणार नाही. तुम्ही किती दिवस केलात?"

ताईनं आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सहा आठवडे," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग बहीण होती ना."

ताईनं फोन ठेवला. बारकी ताईच्या खुर्चीजवळ येऊन खाली बसायला गेली, तर गुडघ्यामुळे तिला बसताही येईना. उभ्यानंच ती म्हणाली, "मीच तुला उठू दिलं नाही, ताई."

"मी कुठे उठायला मागत होते?" ताई म्हणाली. "मला आयतं बरं वाटत होतं. आता तू ऑपरेशन करून घे, बारके. माझा गुडघा तुझ्या डोक्यातून काढून टाक."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वहिनी बारकीबरोबर गेल्या. जाताना ताईला जेवण, पाणी, औषधं सगळं हाताशी ठेवून बजावून गेल्या, "संध्याकाळी येऊन सांगते. तोवर खुर्चीतून हलू नका."

ताई खिडकीशी बसली. जेवणाचा डबा तिनं उघडलासुद्धा नाही. दुपार कलली आणि घरातल्या बोळात भिंतीवरचा फोन वाजला.

खुर्चीपासून फोन नऊ पावलांवर. ताईनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हात लांब करून तिनं मला ओढलं. अंगावरचे टॉवेल जमिनीवर पडले. माझ्या मुठी धरून ती उठायला गेली आणि परत खुर्चीत आदळली. फोन वाजतच होता. दुसऱ्यांदा तिनं दात आवळले, पुढे झुकली आणि उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते. ते थरथरणं माझ्या चारही पायांत उतरत होतं. मी पुढे, मग एक पाय, मग दुसरा. चौथ्या पावलाला फोन बंद झाला.

आता ही परत बसेल, असं मला वाटलं. पण खुर्ची मागे होती आणि फोनही तितकाच लांब. ताई तशीच उभी राहिली, श्वास घेत. "कर गं परत," ती पुटपुटली. "कर परत."

आणि फोन परत वाजला. उरलेली पावलं आम्ही कशी टाकली ते मला सांगता यायचं नाही. ताईनं भिंतीला खांदा टेकवून रिसीव्हर उचलला.

"ताई?" पलीकडून बारकीचा आवाज आला, सुस्तावलेला पण आनंदी. "तू उचललास? मला वाटलं, वहिनी घरी पोचल्या असतील. ऐक ना, मी उभी राहिले. आत्ता. चार पावलं टाकली."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज मात्र तिनं खणखणीत ठेवला.

"मी नऊ," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बारकी घरी आली. रिक्षातून उतरून चोपन्न पायऱ्या, प्रत्येक वळणावर थांबत. दुखत होतं, ती विव्हळलीही. पण पाय तिचं ऐकत होता. घरात आल्यावर मात्र पंचाईत झाली. वॉकर एक आणि चालणाऱ्या दोघी! व्यायाम शिकवायला येणारा गृहस्थ चांगला सहा फुटी होता, ताईनं त्याचं नाव 'खांब' ठेवलं. त्यानं तेल घालून माझी गंजलेली बटणं मोकळी केली आणि भोकं मोजून दोघींची मापं ठरवली. ताईसाठी उंच, बारकीसाठी दोन भोकं खाली. दिवसातून दहा वेळा माझी उंची बदलायची.

"झालं का तुझं? किती मिरवशील!" ताई म्हणायची.

"थांब की, अजून दोन फेऱ्या आहेत माझ्या."

खांबानं ताईचाही गुडघा तपासला. "सांधा ठणठणीत आहे तुमचा," तो म्हणाला. "मांडी झोपलीय. उशीर झालाय, पण उठेल थोडीफार." मग दोघी शेजारी शेजारी पलंगावर बसून पाय उचलायच्या आणि मोठ्यानं आकडे म्हणायच्या. ताई मधले दोन-तीन आकडे गाळायची. बारकी तिला पकडायची आणि पहिल्यापासून मोजायला लावायची. 'राहू दे, मी आणते' हे शब्द तिच्या जिभेवर यायचे, हे मला दिसायचं. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. ताई धडपडत पाण्याच्या भांड्यापर्यंत जायची आणि बारकी पाठ फिरवून उभी राहायची. तिला ते किती जड जात होतं ते मीच पाहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात बारकीनं मला सोडून काठी घेतली, नंतर काठीही सोडली. ताईला माझ्याशिवाय घरात फिरायला पाच महिने लागले. ती बारकीइतकी भरभर कधीच चालणार नाही. पण गेल्या आठवड्यात एका सकाळी तिनं बूट मागितले. नेहमीप्रमाणे बारकी ते आणायला वळली, थांबली आणि म्हणाली, "दाराशीच आहेत, ताई."

ताईनं ते स्वतः घातले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं बारकीचा दंड धरून ती पायऱ्या उतरायला लागली. मी उघड्या दारात उभा राहून ऐकत होतो. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. शेवटी खालून, रस्त्यावरून तिचा तो आवाज आला. फळवाल्याशी ती भावावरून हुज्जत घालत होती.

मित्रांनो, आता वहिनींच्या ओळखीत कुणाला तरी माझी गरज आहे आणि उद्या मी या घरातून निघणार आहे. माझी बटणं चालतात, मुठी पक्क्या आहेत. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी माझ्यासारख्याचा आधार घेऊन हळूहळू चालत असेल, तर त्याच्या आधी धावत जाऊन त्याचं पाणी आणू नका. त्याच्या बाजूला उभे राहा, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्या.